चावी कुणाकडे राहणार, ते आधी बोला

जेरुसलेममधल्या पवित्र कबरेच्या चर्चची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल, तरी सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते तिथूनच सुरू होतं. येशूला जिथे क्रुसावर दिलं आणि जिथे पुरलं असं मानतात त्या जागेवरचं हे चर्च, आणि ते सहा पंथ मिळून वापरतात, ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन. कुठला दिवा कुणी लावायचा, कुठला कोपरा कुणी झाडायचा, हे सगळं अजून ऑटोमन सुलतानाच्या १८५२ च्या फर्मानाप्रमाणे चालतं. आणि मेन दरवाजाची चावी? ती शेकडो वर्षं मुसलमान घराण्यांकडे आहे, एक घराणं चावी सांभाळतं, दुसरं दार उघडतं. दरवाजाच्या वरच्या खिडकीखाली एक साधी लाकडी शिडी टेकवलेली आहे, अठराव्या शतकापासून तिथेच, कारण ती हलवायची तर सगळ्यांचा होकार लागतो आणि तो कधी येत नाही. २००८ मध्ये तिथे आर्मेनियन आणि ग्रीक मठवासींची चक्क हाणामारी झाली, पोलिसांना आत शिरावं लागलं, व्हिडिओ जगभर फिरला.

लोक हसतात यावर. मी पण हसायचे. मग मला आमच्या पाच चर्चच्या संयुक्त कमिटीवर घेतलं, मिनिट्स लिहायला, आणि हसू थांबलं.

पहिल्या मीटिंगचे मिनिट्स अजून आहेत माझ्याकडे. जानेवारीत ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो, १८ ते २५, जगभर पाळतात, १९०८ पासूनची प्रथा आहे, तर त्यात एक संध्याकाळ पाचही चर्चनी एकत्र उपासना करायची एवढंच ठरवायचं होतं. मीटिंग अडीच तास चालली. त्यातला सव्वा तास बॅनरवर गेला. कुठल्या चर्चचं नाव आधी? एकाने सुचवलं स्थापनेच्या वर्षाप्रमाणे लावू, तर जुन्या चर्चवाल्यांचा चेहरा खुलला आणि नव्यांचा पडला. मग अक्षरांप्रमाणे लावू म्हटलं तर प्रश्न असा की नावाच्या सुरुवातीचं 'सेंट' धरायचं का सोडायचं. शेवटी नावं गोलात छापायचं ठरलं, मला वाटलं सुटलो एकदाचे, तेवढ्यात मागून एक काका म्हणाले, गोलात पण वर कोण येणार?

मी हे विनोद म्हणून सांगत नाहीये, म्हणजे विनोद आहेच, पण मुद्दा वेगळा आहे. त्या अडीच तासांत तारण, बाप्तिस्मा, पोप, मरिया, पवित्र आत्म्याची दानं, यातल्या एकाही विषयावर कुणी भांडलं नाही. एकदाही नाही. आणि बाहेर कुणी विचारलं की तुम्ही ख्रिस्ती लोक एकत्र का येत नाही, तर आम्ही सगळे गंभीर चेहरा करून म्हणतो, काय करणार, सिद्धांताचे मतभेद आहेत.

माझं म्हणणं असं की सिद्धांताचे मतभेद खरे आहेत, पण गावपातळीवर, गल्लीपातळीवर आपल्याला वेगळं ठेवणारी गोष्ट ती नाही. आपल्याला वेगळं ठेवते ती चावी, हिशोबाची वही आणि बॅनरवरचं नाव. आणि ऐक्याच्या गप्पा मारताना आपण नेमकं याच तीन गोष्टींवर बोलत नाही कारण ते बोलायला लाज वाटते, सिद्धांतावर बोलणं कसं जरा भारदस्त वाटतं.

आता हे मी एका मीटिंगवरून म्हणत नाहीये, इतिहास बघा. भारतात मिशनऱ्यांच्या काळात वेगवेगळ्या मिशन संस्थांनी आपसात इलाखे वाटून घेतले होते, हा भाग तुमचा, नदीपलीकडचा आमचा, म्हणजे एकमेकांच्या पायात पाय नको. हेतू चांगला होता. पण परिणाम काय, तर माणूस बॅप्टिस्ट झाला की प्रेसबिटेरियन की अँग्लिकन (हे सगळे प्रोटेस्टंट पंथ) हे त्याच्या विश्वासावर नाही, तो कुठल्या जिल्ह्यात जन्मला त्यावर ठरलं. युरोपातली शेकडो वर्षांपूर्वीची भांडणं आपल्या लोकांना पत्त्याप्रमाणे वाटून मिळाली! हे ज्यांना फार बोचलं त्यांच्यात व्ही. एस. अझरायाह हे एक, पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. १९१० च्या एडिनबर्ग मिशनरी परिषदेत, हजाराच्या वर प्रतिनिधी आणि त्यात आशियाई बोटावर मोजण्याइतके, तिथे उभं राहून ते मिशनऱ्यांना म्हणाले होते की तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, स्वतःचे देह दिलेत, आता आम्हाला मित्र द्या. पुढे १९१९ ला तामिळनाडूतल्या ट्रँकेबारला जी एकीकरणाची हाक दिली गेली तिच्यातही ते पुढे होते. दक्षिण भारतातल्या अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल लोकांचं एक चर्च झालं ते २७ सप्टेंबर १९४७ ला, मद्रासला, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी. अझरायाह १९४५ मध्येच वारले होते.

उत्तरेकडची कथा माझ्या मुद्द्याला जास्त लागू पडते. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. यात लहान बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतः विश्वास कबूल केल्यावरच घ्यायचा असं मानणारे बॅप्टिस्ट पण होते. हा साधा मतभेद नाही हो, याच प्रश्नावरून १५२७ मध्ये झुरिचला फेलिक्स मान्झ नावाच्या माणसाला नदीत बुडवून मारलं होतं, तेही दुसऱ्या ख्रिस्ती लोकांनी. आणि नागपूरला काय ठरलं? दोन्ही पद्धती चालतील. चार-साडेचार शतकांचं भांडण, अनेक वर्षं चर्चा करून का होईना, पण टेबलावर मिटलं. मालमत्तेचं मात्र मिटलं नाही. या नव्या चर्चमध्ये सामील झालेल्या ब्रेदरन चर्चच्या मालमत्तेचा एक वाद सुप्रीम कोर्टात जाऊन २०१३ ला निकाली निघाला. त्रेचाळीस वर्षं! बाप्तिस्म्याचा तोडगा निघाला आणि जमिनीचा नाही, यावरून काय ते समजा.

१९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला जगभरच्या चर्चची एक परिषद झाली होती, तिथे एक प्रश्न मांडला गेला आणि माझ्या मते ऐक्यावर त्याच्याइतकं कामाचं काही अजून कुणी बोललेलं नाही. प्रश्न साधारण असा, की जिथे श्रद्धेचे खोल मतभेद आपल्याला वेगळं वागायला भागच पाडतात त्या गोष्टी सोडून बाकी सगळ्यात आपण एकत्र का वागू नये? म्हणजे बघा, नेहमीचा प्रश्न उलटा केला. आपण नेहमी विचारतो, हे एकत्र का करायचं, काय गरज आहे, आमचं आमचं बरं चाललंय. लुंड म्हणतं, तुम्ही हे वेगळं का करताय त्याचं कारण द्या, आणि कारण श्रद्धेचं असलं पाहिजे.

हा प्रश्न घेऊन स्वतःच्या चर्चचं वर्षाचं कॅलेंडर उघडून बसा. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, वेगळं, ठीक आहे, तिथे श्रद्धेचं कारण आहे. बाप्तिस्मा, पाळकाची दीक्षा, मान्य. पण आजाऱ्यांना भेटी? तुरुंगातल्या भेटी? रक्तदान? मुलांची सुट्टीतली शिबिरं? दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप? एकट्या म्हाताऱ्यांना आठवड्यातून एक फोन? यात कुठला सिद्धांत आडवा येतो मला कुणीतरी सांगा. मी आमच्या चर्चच्या कॅलेंडरवर हे करून बघितलं, अर्ध्याहून जास्त गोष्टींपुढे मला कारणच लिहिता आलं नाही.

आता यादीची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे आमच्या कमिटीत थोडा फरक पडला. आमच्यातली तीन चर्च गरजू घरांना दर महिन्याला धान्य आणि औषधं देत होती, प्रत्येकाची यादी वेगळी, प्रत्येकाचा वार वेगळा. खूप मागे लागून मी तिन्ही याद्या एका टेबलावर आणल्या (एका चर्चने यादी द्यायला दोन महिने लावले, म्हणे गोपनीय आहे, बरं) आणि हायलायटर घेऊन बसले. एका आजींचं नाव तिन्ही याद्यांत होतं, तीन वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं. म्हणजे आजींना महिन्यातून तीनदा मदत मिळत होती. आमच्यातले एकजण लगेच तापले, फसवणूक आहे म्हणाले, नाव काढा. मी आणि दुसऱ्या चर्चची एक ताई आजींना भेटायला गेलो. आजी अजिबात गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, एक मी ठेवते, दोन पलीकडच्या दोन घरांत देते, त्यांना कुणी देत नाही ना. त्यातलं एक घर तर असं निघालं की तो माणूस आधी आमच्याकडे येत असे, मग दुसऱ्या चर्चला जायला लागला, आमच्या लोकांनी नाव काढलं आणि तिकडच्यांनी घातलंच नाही, तिथे तो अजून 'नवीन' होता. सहा वर्षं नवीन.

म्हणजे पाच चर्चची संयुक्त सेवा समिती त्या आजी एकट्या चालवत होत्या, मिनिट्स न लिहिता.

त्यानंतर यादी एक झाली. सोपं नव्हतं, कारण यादी एक झाली की प्रश्न येतो पिशवीवर नाव कुणाचं. इथे मी जरा अडून बसले आणि पिशवीवर नाव कुणाचंच नको हे मान्य करून घेतलं. काही देणगीदार नाराज झाले, एकाने तर देणगी बंद केली. मला वाईट वाटलं पण फार नाही.

यावर विरोधात जे बोललं जातं त्यातलं काही मला खरंच पटतं, ते झटकून टाकायचं नाहीये. सगळ्यात पटतं ते छोट्या चर्चचं म्हणणं. चाळीस माणसांचं चर्च, भाड्याचा हॉल, पाळक आठवडाभर कुठेतरी नोकरी करतो आणि शनिवारी रात्री संदेश तयार करतो. शेजारच्या मोठ्या चर्चकडे स्वतःची इमारत, साउंड सिस्टिम, प्रोजेक्टर, गिटारवाली तरुण पोरं. एकत्र उपासना म्हटलं की ती आपोआप मोठ्यांकडे होते कारण जागा तिथेच असते, आणि पुढच्या रविवारी छोट्या चर्चमधली दोन तरुण मुलं तिकडेच बसलेली दिसतात. मेंढरं पळवली असं त्या पाळकाला वाटलं तर चूक काय त्याची? मोठ्यांना ऐक्य नेहमीच गोड लागतं, त्यांचं काही जात नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की एकत्र उपासना पाळीपाळीने सगळ्यांकडे झाली पाहिजे, चाळीस माणसांच्या हॉलमध्ये पण, निम्मे लोक दाराबाहेर उभे राहिले तरी चालेल, मोठ्या चर्चच्या लोकांना एकदा दाराबाहेर उभं राहून बघू दे. संदेश यजमान चर्चच्या पाळकाने द्यायचा. संयुक्त पैशाचं खातं वेगळं, सही दोघांची, आणि ते दोघे एका चर्चचे नकोत.

दुसरा विरोध सिद्धांतवाल्यांचा. ते म्हणतात, एकत्र येण्याच्या नादात सत्य पातळ होतं, कुणाला दुखवायचं नाही म्हणून कुणी काही ठाम बोलतच नाही, शेवटी उरतं काय तर प्रेम करा, चांगलं वागा. ही भीती मला खोटी वाटत नाही, अशा गुळमुळीत संयुक्त उपासना मी पण सहन केल्या आहेत, तीन पाळक, तीन संदेश, आणि तिन्ही एकच. पण लुंडच्या प्रश्नात खोल मतभेदांना जागा ठेवलेलीच आहे ना, ते सोडा असं कुणी म्हणत नाही. उलट मी म्हणते ते नीट सांभाळा, पण मग खरोखरच्या मतभेदालाच मतभेद म्हणा, बॅनरला म्हणू नका.

प्रभुभोजनाचं तर मला असंच वाटतं. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च इतरांबरोबर एका भोजनाला बसत नाहीत, काही प्रोटेस्टंट पण बसत नाहीत, त्यामागे त्यांची श्रद्धा आहे आणि ती एका कमिटीच्या ठरावाने बदलणार नाही. मग आपण काय करतो, संयुक्त उपासनेत तो विषयच येऊ देत नाही, गाणी, प्रार्थना, चहा, टाटा. एका वर्षी आमच्या इथल्या एका वयस्कर फादरनी प्रार्थनेत सरळ म्हटलं की प्रभू, आज आम्ही एका मेजावर बसू शकत नाही याचं आम्हाला दुःख आहे. एवढंच. पूर्ण सभा गप्प झाली. त्या एका वाक्यात जितकं ऐक्य होतं तितकं आमच्या गोल बॅनरमध्ये नव्हतं. बाप्तिस्म्याबाबत गोष्टी पुष्कळ पुढे गेल्यात, २००७ ला जर्मनीत माग्देबुर्गला अकरा चर्चनी एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य केल्याच्या कागदावर सह्या केल्या, त्यात कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन सगळे होते. मेजाचं अजून व्हायचंय. तोपर्यंत ते दुखतंय हे निदान म्हणायला तरी हवं.

तिसरा मुद्दा आमच्यातले लोक करत नाहीत, बाहेरचे करतात, की तुमची सेवा म्हणजे गळाला लावलेलं आमिष. यावर आपण लगेच चिडतो. चिडू नये. मदतीच्या बदल्यात कुणी प्रार्थनेला बसलंच पाहिजे असा प्रकार कुठे होत असेल तर तो चूकच आहे, आणि गंमत म्हणजे एकत्र सेवा मोडते ती पण याच कारणाने, कारण सेवा गळ असेल तर मासा कुणाच्या टोपलीत जाणार यावर भांडण होणारच. लंडनमध्ये २००३ पासून वेगवेगळ्या चर्चचे स्वयंसेवक स्ट्रीट पास्टर्स नावाने एकत्र येऊन वीकेंडला रात्री उशिरा रस्त्यांवर फिरतात, क्लब सुटायच्या वेळी. प्यालेल्या माणसाला पाणी देतात, टॅक्सीत बसवतात, आणि उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या मुलींना साध्या स्पंजच्या चपला देतात, काचा पडलेल्या असतात ना रस्त्यावर. आता रात्री दोन वाजता चपला घेणारी मुलगी पुढच्या रविवारी कुठल्या चर्चला येणार? कुठल्याच नाही, बहुतेक. म्हणूनच ते काम एकत्र चालतं असं मला वाटतं, त्यात वाटून घेण्यासारखं काही नाही.

मग कुणी म्हणेल, एवढंच असेल तर उपासना बाजूला ठेवा, नुसती सेवा करा एकत्र, कटकट नको. आमच्या कमिटीत असं म्हणणारे जास्त आहेत. मी त्यांच्या विरोधात आहे. एकत्र सेवेत माणूस कायम काहीतरी चालवत असतो, यादी, गाडी, किल्ल्या, वेळापत्रक, आणि चालवणाऱ्यांची भांडणं होतातच. प्रार्थनेत निदान तासभर कुणी काही चालवत नाही. आमच्याकडे दोन पाळक होते, एकमेकांशी बोलायचे ते सुद्धा माझ्यामार्फत. त्यातल्या एकाचं मोठं ऑपरेशन ठरलं. जानेवारीच्या त्या संध्याकाळी दुसऱ्याने त्यांचं नाव घेऊन, त्यांच्या बायकोचं नाव घेऊन, मोठ्याने प्रार्थना केली, लिहून आणलेली नव्हती, मध्ये अडखळले पण. पुढच्या मीटिंगपासून माझ्यामार्फत बोलणं बंद झालं. वाद अजून घालतात, पण थेट घालतात. तेव्हापासून आम्ही एक ठरवलंय, दर रविवारी प्रत्येक चर्चमध्ये बाकीच्या चारांसाठी नाव घेऊन प्रार्थना होते. याला ना पैसा लागतो ना बॅनर, आणि तरीही पाचातलं एक चर्च दोन रविवार विसरलंच.

मोठ्या प्रमाणावर हे जमलेलं उदाहरण हवं असेल तर लिव्हरपूल बघा. कॅथलिक-प्रोटेस्टंट वैर त्या शहरात पिढ्यानपिढ्या मुरलेलं. शहरात दोन मोठी कॅथेड्रल, एक अँग्लिकन, एक कॅथलिक, आणि दोघांना जोडणाऱ्या रस्त्याचं नाव होप स्ट्रीट, आशेचा रस्ता (खरं तर होप आडनावाच्या एका व्यापाऱ्यावरून पडलेलं नाव, पण असो, आणि अँग्लिकन कॅथेड्रलचा आर्किटेक्ट कॅथलिक होता ही अजून एक मजा). १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तिथले अँग्लिकन बिशप डेव्हिड शेपर्ड आणि कॅथलिक आर्चबिशप डेरेक वॉरलॉक यांनी ठरवून सगळं जोडीने करायला घेतलं. १९८१ ला टॉक्स्टेथमध्ये दंगली झाल्या, बेकारी भयंकर, १९८९ ला शेफील्डमधल्या हिल्सबरो स्टेडियमवर फुटबॉल मॅचमध्ये चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे चाहते गेले, दरवेळी हे दोघे बरोबर उभे. लोक त्यांना गमतीने फिश अँड चिप्स म्हणायचे, कारण कायम एकत्र आणि कायम पेपरात. १९८२ ला पोप जॉन पॉल दुसरे लिव्हरपूलला आले तेव्हा ते कॅथलिकच्या आधी अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये गेले आणि तिथे लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, ज्या शहरात एकेकाळी यावरून दगड पडले असते. दोघांपैकी कुणीही आपला सिद्धांत सोडला नाही. शेपर्ड अँग्लिकनच राहिले, वॉरलॉक कॅथलिकच. पण वीस वर्षं एकाच रस्त्यावरून ये-जा केली, जानेवारीतली एक संध्याकाळ नाही.

जेरुसलेमच्या चर्चचं पण पुढे काहीतरी झालं, ते सांगायचं राहिलं. तिथल्या कबरेवरची छोटी इमारत इंग्रजांनी १९४७ ला लोखंडी गर्डर लावून कशीबशी धरून ठेवली होती, दुरुस्तीवर एकमत होत नव्हतं. २०१५ मध्ये धोकादायक म्हणून पोलिसांनी ती काही तास बंद केली. मग ग्रीक, कॅथलिक आणि आर्मेनियन तिघांनी सह्या केल्या आणि २०१७ च्या मार्चमध्ये दुरुस्ती पूर्ण झाली. म्हणजे जमतं, पण इमारत डोक्यावर पडायची वेळ आल्यावर.

आमच्याकडे सध्या वाद चालू आहे तो स्टोअररूमचा. तीन चर्चचं सामान एका खोलीत ठेवतो, खोली ज्यांची त्यांच्याकडे चावी, आणि शनिवारी त्यांचा माणूस आला नाही तर बाकीचे पिशव्या घेऊन दाराशी उभे. मी दोन जास्तीच्या चाव्या करून घेऊ म्हटलं. सगळ्यांनी तत्त्वतः मान्य केलं, हा शब्द मी मिनिट्समध्ये तसाच लिहिलाय, तत्त्वतः. गेल्या चार मीटिंगमध्ये विषय क्रमांक सात तोच आहे आणि चारही वेळा त्यापुढे लिहिलंय, वेळेअभावी पुढील सभेत. परवा त्या याद्यांतल्या आजी पिशवी घ्यायला आल्या, दार बंद बघून पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, अगं, चावी करायला पाच मिनिटं लागतात.